चलाचे नाव लूपमध्ये घडवताना

वणी तालुक्यातील राजूर येथील चुनाभट्ट्यांच्या उत्पादनाची नोंद संकेतस्थळावर ठेवायची झाल्यास, नवशिका प्रोग्रामर बहुधा ‘भट्टी१’, ‘भट्टी२’ अशी चले, म्हणजे मूल्य साठवणारी नामधारी स्थाने, कल्पितो आणि लूपमध्ये, म्हणजे तीच आज्ञा पुनःपुन्हा चालवणाऱ्या रचनेत, त्यांना एकेक मूल्य देऊ पाहतो.

रासमुस लेर्डोर्फ यांनी १९९५ मध्ये जाहीर केलेल्या पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेत हे शक्य आहे. तेथे चलाच्या नावाआधी डॉलरचे चिन्ह येते. ते दोनदा लिहिल्यास आतल्या चलातील मजकूर हेच दुसऱ्या चलाचे नाव मानले जाते. नाव जोडून घडवायचे असल्यास डॉलरनंतर महिरपी कंस उघडून त्यात ‘भट्टी’ हा शब्द आणि लूपचा क्रमांक टिंबाने जोडावा लागतो. कंस वगळल्यास टिंबापुढचा भाग नावात धरला जात नाही.

मात्र हे नाव वापरकर्त्याच्या फॉर्ममधून आले, तर बाहेरची व्यक्ती प्रोग्राममधील कोणतेही चल पालटू शकते. फॉर्ममधील नावांची आपोआप चले बनवणारी ‘रजिस्टर ग्लोबल्स’ ही सोय अशाच धोक्यामुळे २००२ मध्ये मूळ मांडणीत बंद ठेवली गेली आणि २०१२ च्या ५.४ आवृत्तीत काढूनच टाकण्यात आली.

म्हणून येथे ॲरे, म्हणजे एकाच नावाखाली क्रमांकवार मूल्ये ठेवणारी सूची, हाच योग्य मार्ग होय. तिची बेरीज एका आज्ञेत होते आणि नवी भट्टी वाढली तरी नवे नाव लागत नाही.