गेममधला शेवटचा घाव आणि आपली मुले



दांडेकर पूल वस्तीतल्या एका ताईंनी मागच्या महिला बैठकीनंतर आम्हाला बाजूला घेतले. त्या सदाशिव पेठेतल्या एका मेसमध्ये पोळ्या लाटतात. चौदा वर्षांचा मुलगा शाळा सुटली की आईजवळ येऊन थांबतो. मेसच्या वरच्या खोल्यांत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले राहतात. त्यांच्यातल्या एका दादाच्या लॅपटॉपवर तो गेम खेळतो. एके दिवशी ताईंनी डोकावून पाहिले, तर पडद्यावर तलवारीने माणसाची मान उडत होती. तीही सावकाश, अगदी जवळून. ताईंनी विचारले, "सिस्टर, हा पण उद्या कोयता घेऊन फिरेल का हो?"

हा प्रश्न उगाच आलेला नाही. २७ जून २०२३ रोजी सकाळी याच सदाशिव पेठेत एका तरुणाने कॉलेजच्या मुलीवर भररस्त्यात कोयत्याने हल्ला केला. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा लेशपाल जवळगे आणि आणखी काही तरुण मध्ये पडले, म्हणून ती वाचली. त्या हल्ल्यामागे मुलीच्या नकाराचा राग असल्याचे पुढे आले. तरीही कोयत्याची बातमी आली की लोक मुलांच्या हातातल्या गेमकडे बोट दाखवतात, आणि संशय आधी वस्तीतल्या पोरावर येतो. म्हणून हा विषय नीट समजून घेऊ.

फिनिशिंग मूव्ह म्हणजे काय?

रोल-प्लेइंग गेममध्ये खेळणारा एक पात्र घेतो आणि कित्येक दिवस त्याची गोष्ट जगतो. कोणाला मदत करायची, कोणाशी लढायचे, हे तोच ठरवतो. 'स्कायरिम' (२०११) हा असाच गाजलेला गेम. त्यात लढाईचा शेवटचा घाव बसताना कधी कधी चित्र संथ होते आणि कॅमेरा फिरून तो घाव दाखवतो. यालाच फिनिशिंग मूव्ह म्हणतात. युरोपात या गेमवर १८ वर्षांवरील वयाचा शिक्का आहे. मेसवरच्या त्या मुलाचे वय चौदा.

गेममुळे पोरगा गुन्हेगार होतो का?

अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये सांगितले की हिंसक गेम आणि ओरडणे, ढकलणे अशी चिडचिड यांचा थोडा संबंध दिसतो. पण खून-हल्ल्यांचा दोष गेमवर टाकण्याइतका पुरावा नाही. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या १४-१५ वर्षांच्या सुमारे एक हजार मुलांचा अभ्यास मांडला. त्यात हिंसक गेम आणि आक्रमक वागणे यांचा संबंध आढळला नाही. म्हणून ताईंना आम्ही स्पष्ट सांगितले : गेम खेळतो म्हणून तुमचा मुलगा कोयतेवाला होणार नाही. त्याला तसे बोलूही नका.

मग आमचा आक्षेप कशाला?

आम्ही पंधरा वर्षे सर्जिकल वॉर्डात काम केले. गेममध्ये घाव बसला की माणूस पडतो आणि विषय संपतो. वॉर्डात विषय तिथून सुरू होतो. धारदार हत्याराचा वार अडवायला माणूस आधी हात वर करतो. बोटे वाकवणाऱ्या दोऱ्या, म्हणजे टेंडन, तुटतात. त्या शिवल्यावर काही आठवडे हाताला स्प्लिंट, मग कित्येक महिने व्यायाम. तुटलेली नस जुळवली तरी दिवसाला साधारण एक मिलिमीटरच वाढते. तोवर बोट बधिर. रोजंदारीवरच्या माणसाचा हात असा अडकला की घरातली चूलही अडकते.

मोठ्यांच्या गोष्टीत क्रौर्य येऊ शकते. कथेत त्या जखमेची किंमत कोणी मोजत असेल, तर ते दाखवायला आमची हरकत नाही. पण तोच घाव बक्षीस म्हणून, संथ करून, पुन्हा पुन्हा दाखवला, तर तो गोष्टीला काही देत नाही. जखमेबद्दल खोटे मात्र शिकवतो. अठरा वर्षांखालच्या मुलासमोर तो नकोच.

सरकारे काय अडवतात?

'फॉलआउट ३' या गेममध्ये माणसांचे हातपाय उडतात. २००८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या मंडळाने तो अडवला, तो मात्र त्यात मॉर्फिन वापरतात म्हणून! कंपनीने औषधाचे नाव बदलून 'मेड-एक्स' केले आणि गेम विकला गेला. मॉर्फिन म्हणजे ज्याने आम्ही रुग्णाच्या वेदना कमी करतो ते औषध. आपल्याकडे २०२० मध्ये पब्जी मोबाइल बंद झाला, तो देशाच्या सुरक्षेच्या कारणावरून. नंतर तोच खेळ 'बीजीएमआय' नावाने आला, तेव्हा रक्ताचा रंग हिरवा केला होता. रंग बदलला तरी गोळी लागलेल्याचे पुढे काय होते, ते मुलाला कळत नाही. ते घरातच सांगावे लागते.

घरी काय करावे?

– गेमवरचा वयाचा आकडा वाचा. १६ किंवा 18 दिसले, तर लहान मुलाला दुसरा गेम शोधून द्या. सेटिंगमध्ये रक्त बंद करण्याची सोय आहे का, तेही पाहा.

– दहा मिनिटे शेजारी बसा. "हा पडला, आता त्याच्या घरी काय होईल?" असे विचारा. भाषण देऊ नका.

– रात्री फोन मोठ्यांच्या उशाशी ठेवा. मुलाच्या चिडचिडीमागे अनेकदा अपुरी झोप असते.

– शाळा, जेवण, मित्र सगळे सुटून महिनोन्‌महिने फक्त गेमच उरला, तर तो आजार असू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत त्याची नोंद आहे. टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोला.

– मुलगा खरा कोयता हातात घेऊन रील बनवत असेल, तर मात्र त्याच दिवशी थांबवा. तो खेळ नव्हे.

पुढच्या आठवड्यात आम्ही मेसवर गेलो. वरच्या दादाशी बोललो. त्याने तो गेम या मुलापुढे लावायचा नाही असे कबूल केले आणि फुटबॉलचा गेम दिला. मुलाला आम्ही टेंडनची गोष्ट सांगितली. "एवढे महिने लागतात?" त्याने विचारले. मग आईची ओढणी घेऊन त्याला शिकवले : रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड जखमेवर घट्ट दाबून धरायचे, हात वर उचलायचा, हळद किंवा चहापूड भरायची नाही, आणि १०८ ला फोन लावायचा. त्याने दोनदा करून दाखवले. तुमच्या घरातल्या पोरांनाही हे एकदा शिकवा.