थरथरणारे अलिंद

लँकेशायरमधल्या बर्नली या गिरणगावात जेम्स मॅकेन्झी हे स्कॉटिश डॉक्टर साधी जनरल प्रॅक्टिस करत. मनगटाची नाडी आणि मानेतल्या शिरेची हालचाल एकाच वेळी कागदावर उमटवणारे पॉलिग्राफ यंत्र त्यांच्याकडे होते. अलिंद, म्हणजे हृदयाचा वरचा कप्पा, आकुंचन पावले की मानेच्या शिरेत छोटी लाट उठते. हृदयातली मायट्रल झडप अरुंद झालेल्या, वर्षानुवर्षे पाहण्यातल्या एका बाईंची नाडी पुढे कायमची बेताल झाली, आणि कागदावरची ती लाटही गेली. मॅकेन्झींना वाटले, अलिंद लुळे पडले असावे.

लुळे कुठले, ते थरथरत होते! लायडनच्या आइन्थोव्हेन यांचे ईसीजी यंत्र आल्यावर हे उलगडले. १९०९ मध्ये लंडनचे थॉमस लुइस आणि स्वतंत्रपणे व्हिएन्नाचे रोथबर्गर व विंटरबर्ग यांनी या नाडीचे मूळ दाखवले : एट्रियल फिब्रिलेशन, दवाखान्यातल्या भाषेत ‘एएफ’. लुइस यांनी तर बेताल नाडीच्या घोड्याची छाती उघडून ती थरथर डोळ्यांनी पाहिली. तरी मला अधिक कौतुक मॅकेन्झींचे. निदान हुकले, पण नसलेली लाट दिसायलाही नजर लागते.

निरोगी हृदयात ठोका उजव्या अलिंदातल्या सायनस नोडमधून निघतो. एएफमध्ये अलिंदात मिनिटाला ३५० ते ६०० विस्कळीत स्पंद धावतात. वाटेतला एव्ही नोड त्यातले बरेचसे अडवतो, उरलेले वाटेल तसे निलयांकडे, म्हणजे खालच्या कप्प्यांकडे सुटतात. म्हणून नाडीला ठेका राहत नाही. हे स्पंद सुरू कुठून होतात, याचे ठोस उत्तर १९९८ मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोहून आले. मिशेल आईसागेर यांच्या चमूने ४५ रुग्णांत शोधलेल्या ६९ उगमस्थानांपैकी ६५ फुप्फुसांतून डाव्या अलिंदाकडे येणाऱ्या शिरांत निघाली. एएफवरचा आजचा उपचार, अ‍ॅब्लेशन, मुख्यतः या शिरांची तोंडे विद्युतदृष्ट्या अलिंदापासून तोडते.

धडधडीने माणूस घाबरतो; घात करते गुठळी. डाव्या अलिंदाच्या कोपऱ्यातल्या पिशवीत रक्त रेंगाळते, गोठते, आणि गुठळी सुटून मेंदूकडे गेली की पक्षाघात. कित्येकांना त्याआधी साधी धडधडही जाणवलेली नसते. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅमच्या पाहणीने १९७८ मध्ये मांडले की एएफमुळे हा धोका पाच पटींहून अधिक वाढतो. सोबत झडपेचा र्‍हुमॅटिक आजार असेल, तर सुमारे सतरा पट.

तो आजार श्रीमंत देशांत दुर्मीळ झाला, आपल्याकडे नाही. लहानपणी घसा धरतो, मागून र्‍हुमॅटिक ताप येतो आणि झडप जाते. रुग्णांत तरुण बायका बऱ्याच. रक्त न गोठू देणाऱ्या नव्या गोळ्यांना सतत तपासणी लागत नाही, तेव्हा यांचीही सोय होईल अशी आशा होती. साडेचार हजारांवर रुग्णांच्या ‘इन्व्हिक्टस’ चाचणीत दिल्लीच्या एम्सचे डॉ. गणेशन कार्तिकेयन यांचा मोठा वाटा होता. २०२२ मध्ये निकाल आला तो उलटा : नव्या गोळ्यांतल्या रिव्हारोक्साबॅनपेक्षा वॉरफरिनच्या जातीच्या जुन्या गोळ्या घेणाऱ्यांत मृत्यू कमी. म्हणजे या रुग्णांची पीटी-आयएनआर या रक्त गोठण्याच्या तपासणीतून सुटका नाही. आकडा साधारण २ ते ३ मध्ये ठेवायचा, त्यासाठी पुन्हा पुन्हा रक्त द्यायचे. गोळी स्वस्त आहे. जवळ लॅब नसेल तर महाग पडतो तो एसटीचा प्रवास आणि बुडालेला रोज.