पाऊस पडला, पण मोजला कुठे?

महाराष्ट्राच्या जुगारबंदी कायद्यात पाऊस आहे. १८८७ साली मुंबई प्रांतासाठी झालेला हा कायदा आजही लागू आहे. जुगाराचा अड्डा कशाला म्हणायचं हे सांगताना त्यात कापसाचा भाव येतो, अफूचा येतो, शेअरचा येतो आणि मग पाऊस येतो. पाऊस 'किंवा अन्य नैसर्गिक घटना' घडेल की नाही, यावरची पैज. पाऊस किती पडेल, यावरची पैज. आणि पावसाचा जो आकडा नोंदला जाईल त्यातल्या अंकांवरची पैज!

कायदा इतका बारकाईने बोलतो तेव्हा समजावं, की लोक नेमकं हेच करत होते. कलकत्त्याच्या बडाबाजारात गच्चीवरच्या पन्हळीतून पाणी वाहील की नाही यावर पैसे लागत. १८९७ साली बंगाल सरकारला पावसाच्या जुगाराविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला. आपल्याकडे अंकांचं हे वेड पुढे न्यूयॉर्कच्या कापूसभावावर गेलं आणि त्यातून मटका जन्मला.

कायद्यातल्या त्या 'अन्य नैसर्गिक घटने'वर आज अमेरिकेत राजरोस पैसे लागतात. कॅल्शी नावाच्या, तिथल्या सरकारी नियामकाची परवानगी असलेल्या बाजारात प्रश्न मांडला जातो: या महिन्यात अमेरिकेत अमुक संख्येपेक्षा जास्त टॉर्नेडो होतील का? टॉर्नेडो म्हणजे ३ जून २०२०ला रायगडात शिरलेल्या 'निसर्ग'सारखं शेकडो किलोमीटर पसरलेलं चक्रीवादळ नव्हे. ढगातून जमिनीवर उतरलेला हा गरगरता खांब बहुधा काहीशे मीटर रुंदीचा असतो आणि काही मिनिटांत विरतो. अमेरिकेत वर्षाला साधारण बाराशे होतात, मे महिन्यात सर्वांत जास्त. पण एप्रिल २०११ या एकाच महिन्यात साडेसातशेहून अधिक झाले, आणि त्या महिन्यातल्या एकाच उद्रेकात तीनशेहून जास्त माणसं गेली.

या बाजाराची रचना साधी आहे. 'हो' म्हणणारी चिठ्ठी खरी ठरली तर एक डॉलर मिळतो, खोटी ठरली तर काहीच नाही. ती आज ३७ सेंटला विकली जात असेल, तर बाजाराच्या मते तसं होण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के. कोणी प्रशांत महासागराचं तापमान बघून विकत घेतो, कोणी मेक्सिकोच्या आखातावरून येणारी दमट हवा बघून विकतो. एकमेकांना कधीही न भेटलेल्या या माणसांच्या ओढाताणीतून एक अंदाज तयार होतो आणि तो दर मिनिटाला बदलतो. महिना सरत आला की अज्ञाताचा वाटा कमी होतो, भाव एका टोकाला सरकू लागतो. इथेच जुन्या अंकांच्या जुगाराशी फारकत होते. पावसाच्या आकड्यातला शेवटचा अंक सात येईल की चार, हे जगातला कोणताही हवामानतज्ज्ञ सांगू शकत नाही. महिन्याच्या एकूण संख्येबद्दल मात्र जाणकाराला अडाण्यापेक्षा खरोखर जास्त कळतं.

पण हा जाणकार नेमकं काय जाणतो? मला यातली खरी मौज इथे वाटते. एकच टॉर्नेडो तीन गावांतून दिसला तर तीन खबरा येतात आणि सुरुवातीची मोजदाद फुगते. नंतर हवामान खात्याची माणसं जागेवर जातात, उन्मळलेली झाडं आणि उडालेली छपरं बघून ठरवतात, की हे एकच वादळ होतं की दोन, की नुसताच सोसाट्याचा वारा. आकडा बदलतो. म्हणून कोणत्या दिवशीचा, कोणत्या यादीतला आकडा धरायचा हे करारात लिहावं लागतं. पैसे वादळावर लागतच नाहीत, लागतात ते मोजणीवर.

पावसाचंही तसंच. २६ जुलै २००५चा ९४४ मिलिमीटरचा आकडा सर्वांना पाठ आहे, पण तो सांताक्रूझचा. त्याच चोवीस तासांत कुलाब्याच्या मापकात जेमतेम ७४ मिलिमीटर जमले. 'मुंबईत किती पडेल' अशी पैज लावलेले दोघे त्या दिवशी दोघेही जिंकले असते किंवा दोघेही हरले असते! शिवाय हवामान खात्याचा पावसाचा दिवस मध्यरात्री संपत नाही. तो सकाळी साडेआठला संपतो.

आता रायगडातल्या कर्जत-खालापूर तालुक्यांकडे बघा. अरबी समुद्रावरून आलेले ढग इथे सह्याद्रीला धडकून वर चढतात, थंड होतात आणि रिते होतात. नेरळच्या डोक्यावर माथेरान सुमारे आठशे मीटर उंच, पलीकडे खंडाळ्याचा घाट. खाली स्टेशनात रिमझिम आणि वर धो धो, हे इथल्या माणसाला नवीन नाही.

या दोन तालुक्यांत पावसावरची सर्वांत मोठी पैज टाटांनी लावली, तीही उजळ माथ्याने. लोणावळ्याला पडणारं पाणी एरवी इंद्रायणी, भीमा, कृष्णा असं करत बंगालच्या उपसागराला जातं. तिथल्या वळवणच्या धरणाची कोनशिला ८ फेब्रुवारी १९११ला बसली. पाणी अडवून घाटाखाली पाचशे मीटरहून अधिक उंचीवरून नळांतून सोडलं आणि १९१५मध्ये खालापूर तालुक्यातल्या खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. पूर्वेच्या समुद्राचं पाणी पाताळगंगेतून पश्चिमेला निघालं. १९२२मध्ये ठोकरवाडी धरणाच्या पाण्यावर कर्जत तालुक्यातलं भिवपुरीचं वीजघर सुरू झालं, ते पाणी उल्हास नदीला मिळालं. चार महिन्यांच्या पावसावर बारा महिन्यांची वीज, सगळी भिस्त घाटमाथ्यावर दरवर्षी पुरेसा पाऊस होण्यावर.

शेतकरी तर दर जूनमध्ये पैज लावतो. उंचावरच्या खाचरात हळवं, म्हणजे लवकर पिकणारं भात, खोलगट जागी गरवं, म्हणजे उशिरा पिकणारं. कर्जतच्या भात संशोधन केंद्राच्या वाणांमध्येही कर्जत-३ हळव्यांत मोडतो, कर्जत-२ गरव्यांत. गरवं लावणारा गृहीत धरतो, की तरणा आणि म्हातारा पाऊस उरकल्यावरही हस्ताच्या सरी येतील. हळवं लावणाऱ्याला भीती उलटी: कापणीच्या वेळीच त्या सरी आल्या तर?

आणि एक गोष्ट हसण्यावारी नेता येत नाही. १९ जुलै २०२३च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसं सापडलीच नाहीत. दरडप्रवण गावांच्या यादीत त्या वाडीचं नावच नव्हतं. डोंगराच्या एका कुशीत काय घडेल, हे तालुक्याचा पाऊस मोजून कळत नाही.

२०२५च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने आपल्याकडे पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद झाले. त्याच वर्षी जूनमध्ये एनसीडीईएक्स या शेतमालाच्या वायदे बाजाराने पावसावर आधारित वायदे आणण्यासाठी हवामान खात्याशी करार केला. यात विसंगती मला दिसत नाही. ज्याचं भात, वीज किंवा धंदा पावसावर उभा आहे त्याने जोखीम दुसऱ्याच्या खांद्यावर द्यावी, हा विमा. ज्याचं पावसात काहीच भिजत नाही तो निव्वळ खेळतो, आणि वायदे बाजाराला अशा खेळणाऱ्यांचीही गरज असते, कारण जोखीम घ्यायला कोणीतरी लागतंच. उद्या असा वायदा तुमच्या दारी आला, तर भाव विचारण्याआधी एवढं विचारा: पाऊस कोणत्या मापकात मोजणार, आणि ते मापक माझ्या शेतापासून किती लांब आहे?