विश्लेषण : डुकराचे मांस कधीच खाल्ले नाही, तरी मेंदूत जंताची गाठ कशी?

छत्रपती संभाजीनगर : औरंगपुऱ्याच्या भाजी मंडईत कोबीचा गड्डा निवडताना ‘बघून घ्या, यातली अळी मेंदूत जाते’ हा सल्ला ऐकला नाही, असा ग्राहक विरळाच. मोबाइलवरही असे व्हिडिओ अधूनमधून फिरत असतात. प्रत्यक्षात कोबीतली हिरवी अळी मेंदूत जात नाही. ती पोटात गेली तर पचून जाते. मेंदूत पोहोचतो तो वेगळाच जीव आणि त्याचे नाव डुकराशी जोडलेले आहे. तरीही ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कोणी डुकराचे मांस खाल्लेले नाही, त्यांच्या सीटी स्कॅनमध्येही तो दिसतो.

मग तो येतो कुठून? मोकाट डुकरे पकडून शहराबाहेर नेली की धोका टळतो का? आणि गौताळ्याच्या जंगलातली रानडुकरे या साखळीत कुठे बसतात?

हा जंत नेमका कोणता?

त्याचे शास्त्रीय नाव टिनिया सोलियम. बोलीभाषेत पट्टकृमी किंवा टेपवर्म. फितीसारखा चपटा, २ ते ७ मीटर लांब. त्याला स्वतःचे आतडे नसते. माणसाच्या लहान आतड्याला डोके रुतवून तो अंगाच्या पृष्ठभागातूनच अन्न शोषतो. त्याचे शरीर सुमारे हजार तुकड्यांचे असते. शेवटचे, पिकलेले तुकडे विष्ठेवाटे बाहेर पडतात आणि एका तुकड्यात ५० हजारांपर्यंत अंडी असू शकतात.

उघड्यावरची विष्ठा डुकराने खाल्ली की ही अंडी त्याच्या पोटात फुटतात. आतली सूक्ष्म पिल्ले रक्तातून स्नायूंमध्ये जाऊन बसतात. तिथे भिजवलेल्या साबुदाण्यासारखे पांढरट फोड तयार होतात. असे मांस कच्चे किंवा अर्धवट शिजलेले खाल्ले, तर फोडातले पिल्लू माणसाच्या आतड्यात पूर्ण वाढते. चक्र पुन्हा सुरू होते.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. अंडी घालणारा मोठा जंत फक्त माणसाच्या आतड्यात राहतो. डुकराच्या विष्ठेत या जंताची अंडी नसतात.

मग शाकाहारी माणसाला कसा होतो?

मांस खाल्ल्याने आतड्यात मोठा जंत होतो. मेंदूतला आजार मात्र अंडी गिळल्याने होतो. पोटात जंत असलेल्या व्यक्तीने शौचानंतर हात नीट धुतले नाहीत आणि त्याच हातांनी कोशिंबीर चिरली, कणीक मळली किंवा पाणी वाढले, तर अंडी दुसऱ्याच्या पोटात जातात. मैलामिश्रित नाल्याच्या पाण्यावर पिकलेल्या भाज्याही कच्च्या खाल्ल्यास धोक्याच्या ठरतात. कोबीवर संशय का आला, याचे उत्तर इथे आहे. दोष अळीचा नसून पानांच्या घड्यांत अडकलेल्या मातीचा आणि घाण पाण्याचा असतो.

अशी अंडी पोटात गेली की माणूस या चक्रात डुकराच्या जागी येतो. पिल्ले रक्तातून स्नायू, डोळे आणि मेंदूपर्यंत पोहोचतात. मेंदूतल्या या आजाराला ‘न्यूरोसिस्टिसर्कोसिस’ म्हणतात. काही फोड वर्षानुवर्षे गप्प राहतात. ते मरू लागले की शरीराची प्रतिकारशक्ती त्यांच्यावर तुटून पडते, सूज येते आणि पहिली फिट येते.

१९९२ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अशाच एका कोड्याची नोंद प्रसिद्ध झाली. न्यूयॉर्कमधल्या सनातनी ज्यू समाजातील चार जणांना हा आजार झाला होता. त्यांच्या धर्मात डुकराचे मांस निषिद्ध आहे. हा जंत आढळतो अशा देशांतून आलेल्या आणि घरात काम करणाऱ्या व्यक्तींकडून अंडी अन्नात पोहोचली असावीत, असा निष्कर्ष तपासात निघाला.

भारतात कसा उलगडला?

१९८०च्या दशकात सीटी स्कॅन आल्यावर फिट येणाऱ्या अनेक भारतीय रुग्णांच्या मेंदूत एकच छोटी गाठ दिसू लागली. ती क्षयरोगाची समजून अनेकांना महिनोन्‌महिने टीबीची औषधे दिली जात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील डॉ. मॅथ्यू चांडी आणि डॉ. वेदांतम राजशेखर यांनी अशा गाठी काढून तपासल्या. त्यांतील बहुतेक टेपवर्मच्या पिल्लांच्या निघाल्या. २० मिलिमीटरपेक्षा लहान गाठ असेल तर आधी या जंताचा विचार करावा, हा निकष पुढे रूढ झाला. वेल्लोर जिल्ह्यात नंतर झालेल्या पाहणीत सक्रिय अपस्माराच्या सुमारे एक तृतीयांश रुग्णांमागे हाच जंत असल्याचे दिसले. जागतिक आरोग्य संघटनेनुसार जिथे हा जंत मुरलेला आहे, त्या भागांत अपस्माराच्या सुमारे ३० टक्के रुग्णांचा त्याच्याशी संबंध असतो.

म्हणजे फिट आल्यावर नाकाला कांदा किंवा चप्पल लावली जाते, तेव्हा त्या रुग्णाच्या मेंदूत औषधाने बरा होणारा आजारही असू शकतो.

डुकराने माणसाला दिला की माणसाने डुकराला?

डुकरे पाळायला लागल्यावर माणसाला हा जंत लागला, असे अनेक वर्षे मानले जात होते. २००१ मध्ये अमेरिकेतील एरिक होबर्ग आणि सहकाऱ्यांनी टेपवर्मच्या वेगवेगळ्या प्रजातींची वंशावळ मांडली आणि गोष्ट उलटी निघाली. टिनिया सोलियमचा सर्वांत जवळचा नातेवाईक आफ्रिकेतल्या तरसांत सापडतो. माणसाचे पूर्वज तरस-सिंहांच्या शिकारीत वाटेकरी झाले, तेव्हा हे जंत त्यांच्या पोटात आले. तेव्हा पशुपालन सुरू व्हायला लाखो वर्षे बाकी होती. डुक्कर गोठ्यात आले ते साधारण १० हजार वर्षांपूर्वी. जंत त्याला माणसाकडून मिळाला.

जंताच्या मायटोकाँड्रियातील डीएनएवरून त्याचे दोन मोठे गट पडतात. एक आशियाई, दुसरा आफ्रिका-अमेरिकेतला. २०१३ मध्ये त्याचा संपूर्ण जनुकसंच ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. स्वतः चरबी तयार करण्याची जनुकेच या जंताने गमावल्याचे त्यातून दिसले. जे यजमानाकडून आयते मिळते, ते बनवायची गरज त्याला उरली नाही.

रानडुक्कर आणि गावडुक्कर वेगळे का?

दिसायला वेगळे असले तरी दोन्ही एकाच प्रजातीचे, सुस स्क्रोफा. त्यांचा संकर होतो आणि संकरातून झालेली पिल्लेही पुढे वितात. आनुवंशिकदृष्ट्या इतकी जवळीक असल्याने रोगाच्या बाबतीत रानडुकराला वेगळे कवच नाही. २०२० मध्ये आसाम-अरुणाचलातून देशात शिरलेला आफ्रिकन स्वाइन फीव्हर पाळीव आणि रानटी दोघांनाही मारतो. तो माणसाला होत नाही. आफ्रिकेत या विषाणूची ने-आण मऊ कवचाची गोचीड करते. तिथले वॉर्टहॉग मात्र तो अंगात बाळगूनही सहसा मरत नाही, कारण ती प्रजातीच वेगळी आहे.

टेपवर्मच्या बाबतीत रानडुकराला वाचवते ते त्याचे रक्त नव्हे, तर अंतर. खोल जंगलात माणसाची विष्ठा त्याच्या वाट्याला येत नाही. कन्नडजवळच्या गौताळा-औट्रमघाट अभयारण्यालगत जिथे मका खायला रानडुकरे शेतात उतरतात, तिथे बांधावर शौचाला बसण्याची सवय असेल तर हे अंतर संपते. शिवाय रानडुकराच्या स्नायूंत ट्रायकिनेला नावाचा दुसरा जंत असू शकतो. मीठ लावून किंवा धुरी देऊन तो मरेल याची खात्री नसते. या मांसाची तपासणी होत नाही. वन्यजीव कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे आणि परवानगीशिवाय त्याची शिकार हा गुन्हा आहे.

डुकरे हटवली की प्रश्न सुटेल?

खाम नदी आणि नाल्यांच्या काठी फिरणारी मोकाट डुकरे हा शहराच्या स्वच्छतेचा प्रश्न नक्कीच आहे. पण जंताची अंडी माणसाच्या पोटातूनच येतात. डुकरे उचलली आणि उघड्यावरचे शौच, तुंबलेली सार्वजनिक शौचालये तशीच राहिली, तर मेंदूच्या आजाराचा धोका शहरातच राहतो. उलट बंदिस्त गोठ्यात, स्वच्छ खाद्यावर वाढवलेल्या डुकराला हा जंत होण्याची शक्यता फारच कमी असते. वराहपालनावर पोट असलेल्या कुटुंबांसाठी हा फरक मोलाचा आहे. फोड असलेल्या मांसाला भाव मिळत नाही.

लसही उपलब्ध आहे. जंताच्या ‘टीएसओएल १८’ या जनुकापासून बनवलेले प्रथिन डुकराला टोचले की त्याची प्रतिकारशक्ती जंताला पिल्लू अवस्थेतच मारते. मेलबर्न विद्यापीठात विकसित झालेली ही लस हैदराबादची इंडियन इम्युनॉलॉजिकल्स कंपनी तयार करते. लसीच्या जोडीला ऑक्सफेंडाझोल हे जंतनाशक दिलेल्या कॅमेरूनमधील प्रयोगात, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, लस दिलेल्या डुकरांत एकही जिवंत फोड सापडला नाही.

काय काळजी घ्यावी?

• शौचानंतर आणि स्वयंपाकाआधी साबणाने हात धुवा. या आजारात सर्वांत मोठी ढाल हीच आहे.

• कच्च्या खायच्या भाज्या वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. कोबीची बाहेरची पाने काढून टाका. भाजी शिजवली तर अंडी मरतात.

• डुकराचे मांस आतपर्यंत शिजवा. पांढरे फोड दिसले तर ते खाऊ नका आणि विकू नका.

• विष्ठेत पांढऱ्या फितीचे तुकडे दिसले तर लाजू नका. रुग्णासह घरातील सर्वांची तपासणी करून घ्या.

• पहिली फिट आली की थेट डॉक्टरांकडे जा. संभाजीनगर परिसरातील रुग्णांसाठी घाटी रुग्णालय आहे.

• फिट येण्याचा इतिहास असेल तर जंताची गोळी घेण्यापूर्वी डॉक्टरांना सांगा. मेंदूतले फोड एकदम मेल्यास सूज वाढून फिट येऊ शकते. म्हणून हे उपचार डॉक्टरांच्या देखरेखीखालीच, अनेकदा सूज कमी करणाऱ्या औषधांसोबत दिले जातात.

कोबी टाळून हा आजार टळत नाही आणि डुकराकडे बोट दाखवूनही टळत नाही. प्रत्येक घराला वापरता येईल असे शौचालय आणि प्रत्येक मोरीवर साबण असेल, तर हा जंत डुकरापर्यंतही पोहोचत नाही आणि माणसाच्या मेंदूपर्यंतही.