टायमिंग चेन : खळखळ ऐका, गळती रोखा

पैठण रस्त्यावरच्या चितेगावसारख्या औद्योगिक पट्ट्यात जुन्या गाड्या रोज राबतात. त्यांच्या मालकांसाठी :

● काम : क्रँकचे 2 फेरे, तेव्हा कॅमचा 1, हा मेळ चेन राखते.

● चेन सैल झाल्याचे लक्षण : थंड इंजिन सुरू करताच पुढून खळखळ.

● बदल : चेनसोबत स्प्रॉकेट, टेन्शनर, गाइडही नवे घ्या. टायमिंगच्या खुणा जुळवा, क्रँक हाताने 2 फेरे फिरवून पुन्हा तपासा. मगच स्टार्टर मारा.

● गळती : कव्हर उघडलेच आहे, तर पुढचे ऑइल सील आणि गॅस्केटही बदला. ब्रीदर तुंबला तर आतल्या दाबाने नवे सीलही गळते.

ऑइल वेळेवर बदलणे, हाच चेन टिकवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय.