पाच मिलिमीटरचे नेताजी

एका मित्राने दिलेला खोका, चार महिन्यांचे वीकएंड आणि ३१ सेंटिमीटरची जपानी पाणबुडी. टाइमपास म्हणून घेतलेल्या मॉडेलने आमच्या प्रतिनिधीला चांगलंच कामाला लावलं!

शनिवारी रात्री साडेअकरा वाजता तुम्ही काय करता? पब, पिक्चर, पिझ्झा… नाहीतर सरळ उशी! मी गेले चार महिने दर शनिवारी याच वेळेला टेबललॅम्पखाली वाकून, जीभ दातांत धरून, एका जपानी पाणबुडीला कठडे चिकटवत होते. हो, पाणबुडीच. दुसऱ्या महायुद्धातली. प्लॅस्टिकची.

सगळा घोळ केला माझ्या मित्राने. आयटीतला हा पठ्ठ्या पुण्यात जपानी शिकला आणि ऑनसाइटला योकोहामाला गेला. परत येताना लोक चॉकलेटं आणतात. याने माझ्या हातात एक चपटा खोका ठेवला. ‘तू नाहीतरी घरूनच काम करतेस, टाइमपास होईल,’ म्हणाला. फ्रीलान्सरला म्हणे टाइमपास! डोक्यावर दोन डेडलाइन होत्या. पण रात्री कुतूहलाने खोका उघडलाच.

वर खवळलेल्या समुद्राचं चित्र आणि ‘आय-२७’ असं नाव. आत करड्या प्लॅस्टिकच्या जाळ्या, त्यांना चिकटलेले शेकडो बारीक भाग. काही बोटाएवढे, काही मोहरीएवढे. पितळेचा एक कागदासारखा पातळ पत्रा. आणि माहितीपत्रक, ज्यातलं मला फक्त चित्रंच कळत होती.

‘इ’ तुकडीची मोठी पोरं

आधी थोडा अभ्यास केला. जपानी मुळाक्षरांचा जुना क्रम ‘इ, रो, हा’ असा सुरू होतो. जपानी नौदलाने मोठ्या पाणबुड्यांना ‘इ’, मधल्यांना ‘रो’ आणि छोट्यांना ‘हा’ असं अक्षर दिलं. शाळेत आपल्या अ, ब, क तुकड्या असायच्या ना, तसंच. इंग्रजीत त्या ‘इ’चा ‘आय’ झाला.

माझी पाणबुडी ‘बी-१’ प्रकारातली. या प्रकारच्या एकूण २० पाणबुड्या बांधल्या गेल्या. लांबी जवळपास १०९ मीटर, म्हणजे फुटबॉलच्या मैदानाएवढी. पृष्ठभागावरून बेताच्या वेगाने गेली, तर १४ हजार सागरी मैलांचा पल्ला. टॉर्पेडो १७. आणि सगळ्यात सॉलिड गोष्ट म्हणजे पोटात एक विमान! मनोऱ्यापुढच्या हँगरमध्ये पंख काढून ठेवलेलं. बाहेर काढायचं, जोडायचं आणि डेकवरच्या रुळांवरून उडवायचं. याच प्रकारच्या ‘आय-२५’वरून उडालेल्या नोबुओ फुजिता या वैमानिकाने सप्टेंबर १९४२मध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉनच्या जंगलावर बाँब टाकले होते.

अशा २० बहिणींची यादी वाचता वाचता एका आकड्यावर थांबले. ‘आय-२९’. हे कुठेतरी ऐकलंय… आणि ट्यूब पेटली. जर्मनीहून निघालेल्या नेताजी सुभाषचंद्र बोसांना भर समुद्रात उचलून आशियात आणणारी पाणबुडी हीच! ‘आय-२७’ आणि ‘आय-२९’ दोघी १९४२च्या फेब्रुवारीत नौदलात दाखल झाल्या. एकाच नकाशाच्या. शिवाय ‘आय-२९’ बांधली योकोसुकाला, म्हणजे मित्र राहात होता त्या योकोहामाच्या शेजारीच.

ठरलं! २७ राहू दे खोक्यावर. आपण २९ करायची.

नेलपॉलिश रिमूव्हरचा प्रताप

१ : ३५० या प्रमाणात खऱ्या बोटीचे साडेतीन मीटर म्हणजे मॉडेलचा एक सेंटिमीटर. म्हणून १०९ मीटरची पाणबुडी ३१ सेंटिमीटरमध्ये मावते, अगदी माझ्या शाळेतल्या पट्टीएवढी.

सांगाड्याचे डावा-उजवा असे दोन भाग जोडायचे. ते घट्ट धरायला कपडे वाळत घालायचे चिमटे आणि रबरबँड कामाला आले. जोडावर रेघ राहते. ती पुट्टीने भरायची, वाळली की घासायची. बोहरी आळीत जाऊन ४०० आणि ८०० नंबरचा पॉलिश पेपर आणला. दुकानदाराने विचारलं, ‘गाडीला टचअप?’ म्हटलं, ‘नाही, पाणबुडीला.’ त्यानंतर त्याने काहीच विचारलं नाही.

आणि मग मी शहाणपणा केला. एका बाजूला गोंदाचा डाग पडला होता. नखांवरचं जातं तर हेही जाईल, असं म्हणून कापसावर नेलपॉलिश रिमूव्हर घेतला आणि पुसलं. डाग गेला. सोबत पाणबुडीची कातडीही गेली! रिमूव्हरमधलं अॅसिटोन या प्लॅस्टिकला चक्क विरघळवतं. पुन्हा पुट्टी, पुन्हा पॉलिश पेपर. एक अख्खा रविवार त्यात गेला.

तिसऱ्या आठवड्यात भोकांची पाळी आली. पाणबुडीच्या कडेला लांबलचक रांगेत खाचा असतात. मला वाटलं, खिडक्या असतील! तसं नसतं. आतला जाड पोलादी नळा खोल पाण्याचा दाब सोसतो, माणसं राहतात ती त्यात. त्याच्यावरचं डेक आणि बाहेरचं आवरण पातळ असतं. बुडी मारताना मधल्या पोकळीत पाणी भरावं आणि वर आल्यावर वाहून जावं, यासाठी ती भोकं. पाणी भरायला वेळ लागला तर बुडी लांबते, आणि वर शत्रूचं विमान असेल तर तेवढ्यात खेळ खल्लास. माझ्या मॉडेलवर यातल्या काही खाचा नुसत्या खोलगट होत्या. अर्ध्या मिलिमीटरच्या हातड्रिलने एकेक उघडली. हे करताना हात थरथरला की टोक मोडतं. माझी तीन मोडली.

पितळी पत्र्यातून कठडे कापायचे आणि फेविक्विकच्या सुईएवढ्या थेंबाने चिकटवायचे. अँटेनाच्या तारा मात्र फुकटात होतात. उरलेल्या जाळीची काडी मेणबत्तीवर धरायची, मऊ झाली की दोन्हीकडून ओढायची. केसासारखा धागा निघतो. पहिल्यांदा जमलं तेव्हा मी घरात एकटीच ओरडले, ‘येस्स!’

रंग वर गडद करडा, खाली तांबूस तपकिरी. निव्वळ काळा रंग दिला तर खेळणं दिसतं, म्हणून थोडा करडा मिसळायचा. मग ऑइल कलर अगदी पातळ करून फटींत सोडायचा, गंजाचे ओघळ काढायचे, मिठाचे पांढरट डाग द्यायचे. मेकअप उलटा करायचा, एवढंच. इथे चेहरा जितका थकलेला, तितका खरा.

एक रबरी होडी

नुसती पाणबुडी स्टँडवर ठेवायची नाही, ‘तो’ क्षण करायचा, असं मी ठरवलं होतं. नेताजी फेब्रुवारी १९४३मध्ये जर्मनीतल्या कीलहून ‘यू-१८०’ या जर्मन पाणबुडीतून निघाले. सोबत हैदराबादचे आबिद हसन. अटलांटिकमधून, आफ्रिकेला वळसा घालून, एप्रिलअखेर मादागास्करजवळ. तिथे ‘आय-२९’ भेटली. समुद्र इतका खवळला होता की लगेच बदली करता येईना. अखेर २८ एप्रिलला नेताजी आणि आबिद हसन एका रबरी होडीतून ‘आय-२९’वर आले. जपानी पाणबुडीतून दोन अधिकारी आणि सुमारे दोन टन सोनं जर्मनांकडे गेलं. मे महिन्यात नेताजी सुमात्राजवळच्या सबांगला उतरले आणि तिथून टोकियोला. जपानी खलाशांच्या घोळक्यात पुढच्या रांगेत बसलेल्या नेताजींचा फोटो तुम्ही पाहिला असेल. तो याच पाणबुडीवरचा.

थर्माकोलमध्ये खाच कापून पाणबुडी बसवली. वर टिश्यू पेपर आणि फेव्हिकॉलच्या लाटा, निळा-हिरवा-करडा रंग, शेवटी चकचकीत वॉर्निश. (ज्या तळाच्या जोडासाठी दोन रविवार घासलं, तो समुद्राखाली गेला. कुणाला सांगू नका!) होडी एक सेंटिमीटरचीही नाही. आणि तिच्यातला माणूस पाच मिलिमीटर. तांदळाच्या दाण्याएवढे नेताजी. ओढलेल्या प्लॅस्टिकचे दोन तुकडे, सुईच्या टोकाने रंगवलेले.

मधेच ‘आय-२७’बद्दलही वाचलं. १२ फेब्रुवारी १९४४ला मालदीवजवळ तिने ‘खेदिवे इस्माईल’ हे मोंबासाहून कोलंबोला निघालेलं जहाज बुडवलं. दोन टॉर्पेडो. दोन-तीन मिनिटांत जहाज तळाला. १,२९७ माणसं गेली, त्यात नर्सेसही होत्या. पाणबुडी वाचलेल्या माणसांच्या खालीच दडली होती. ब्रिटिश विनाशिकेने पाण्यात माणसं तरंगत असताना तिथेच पाणसुरुंग टाकले. त्याच दिवशी ‘आय-२७’ही बुडाली.

वाचून खोका उलटा करून ठेवला. बरं झालं आपण २९ केली, असं मनाशी म्हटलं.

काकांचा प्रश्न

आमच्या खालच्या मजल्यावर एक काका राहतात. मूळचे रत्नागिरीकडचे, मर्चंट नेव्हीतून रिटायर झालेले. त्यांचे वडील मुंबईच्या मोगल लाइनच्या जहाजांवर आगवाले, म्हणजे इंजिनाच्या भट्टीत कोळसा ओढणारे. हज यात्रेकरूंची ने-आण करणारी ही कंपनी. मी मोठ्या कौतुकाने त्यांना मॉडेल दाखवायला बोलावलं.

‘झकास झालीय गं,’ काका वाकून बघत म्हणाले. कठड्यांची चूकही काढली. मग जरा थांबले. ‘मोगल लाइनचं एक जहाज होतं, ‘रहमानी’. जपान्यांनी बुडवलं. वडील नेहमी सांगायचे. कुठल्या पाणबुडीने ते, बघ गं कधीतरी. तुझं काय ते इंटरनेटवर असेल.’

त्याच रात्री शोधलं. जुलै १९४३, एडनच्या आखाताच्या तोंडाशी. ‘आय-२९’.

नेताजींना सबांगला उतरवून तिला जेमतेम दोन महिने झाले होते.

मी बराच वेळ त्या मनोऱ्याकडे बघत बसले. पाच मिलिमीटरच्या नेताजींना हात देणारी, कौतुकाने रंगवलेली माझी ‘चांगली’ पाणबुडी. तेच डेक, तेच टॉर्पेडो. २७ वाईट आणि २९ चांगली, असा हिशेब मी किती आरामात करून टाकला होता! दोघींचा साचा एकच होता. फक्त आकडा बदलून मी सुटले होते.

दुसऱ्या दिवशी काकांना सांगितलं. ते काही क्षण गप्प राहिले. ‘हिनेच होय,’ एवढंच म्हणाले.

‘काका, मला वाटतं आकडाच काढून टाकते. नुसती पाणबुडी म्हणून ठेवते.’

‘छे! आकडा पुसून काय होतं? बोटीवर लॉगबुक असतं बघ. त्यात जे घडलं ते तारखेवार लिहायचं. खाडाखोड नाही, गाळागाळ नाही. तुझ्या नेताजींना आणलं, ते लिही. आमचं जहाज मारलं, तेही लिही.’

म्हणून मॉडेलच्या पुढे जी पट्टी बसवली, तिच्यावर आता ‘नेताजींची पाणबुडी’ असं नाही. तीन ओळी आहेत.

२८ एप्रिल १९४३ – मादागास्करजवळ नेताजी सुभाषचंद्र बोस आणि आबिद हसन बोटीवर.
जुलै १९४३ – एडनच्या आखाताजवळ मुंबईच्या मोगल लाइनचं ‘रहमानी’ बुडवलं.
२६ जुलै १९४४ – लुझॉनच्या सामुद्रधुनीत ‘सॉफिश’ या अमेरिकन पाणबुडीच्या टॉर्पेडोंनी बुडाली.

काकांनी चष्मा लावून पट्टी सावकाश वाचली. दुसऱ्या ओळीवरून एकदा बोट फिरवलं. मग होडीवर वाकले.

‘यातले नेताजी कुठले गं?’

‘डावीकडचे, काका.’

‘हं,’ ते म्हणाले. ‘भिजले असतील हो चांगलेच.’

तुम्हालाही करून बघायचंय?

• पहिलंच मॉडेल असेल तर कमी भागांचं घ्या. एखादं विमान किंवा रणगाडा. पितळी कठडे दुसऱ्या वेळी.
• निपर, बारीक कानस, पॉलिश पेपर, चिमटा आणि मॉडेलचा पातळ गोंद. एवढ्यावर सुरुवात होते.
• भाग जाळीतून हाताने तोडू नका, निपरने कापा. नाहीतर ओरखडा पडलाच!
• रंग आणि गोंद वापरताना खिडकी उघडी ठेवा.
• थर्माकोलला फेविक्विक लावू नका, ते त्याला खातं. फेव्हिकॉल वापरा.
• ज्याचं मॉडेल करताय, त्याबद्दल वाचा. पूर्ण वाचा.
• आणि नेलपॉलिश रिमूव्हर? दुसऱ्या खोलीत!