राजा मेला तरी चालेल, कराचं बोलू नका

चाळीस शिलिंग जास्तीचे मिळाले नसते, तर शेक्सपिअरच्या नाटकमंडळीने त्या शनिवारी ‘रिचर्ड दुसरा’ बहुधा लावलंच नसतं. तारीख ७ फेब्रुवारी १६०१. अर्ल ऑफ एसेक्स या बंडखोर सरदाराच्या काही पाठीराख्यांनी नटांना गाठून या नाटकाची फर्माईश केली. नटांनी आधी नाक मुरडलं : नाटक जुनं झालंय, गर्दी होणार नाही. मग नेहमीच्या उत्पन्नावर चाळीस शिलिंग ठरले आणि ग्लोब नाट्यगृहात राजाला गादीवरून उतरवण्याचा तो खेळ झाला. दुसऱ्या दिवशी, रविवारी, एसेक्स माणसं घेऊन लंडनच्या रस्त्यावर आला. शहर आपल्या मागे उठेल हा त्याचा हिशेब चुकला आणि बंड त्याच दिवशी विझलं.

मंडळीतला ऑगस्टिन फिलिप्स हा नट चौकशीला गेला आणि त्याने हा चाळीस शिलिंगांचा व्यवहार सरळ सांगून टाकला. नटांपैकी कुणालाही शिक्षा झाली नाही. उलट २४ फेब्रुवारीला याच मंडळीने एलिझाबेथ राणीसमोर दरबारात प्रयोग केला. दुसऱ्या दिवशी सकाळी एसेक्सचं मस्तक उडवलं गेलं. ‘रिचर्ड दुसरा’मधला पदच्युतीचा प्रवेश मात्र १५९७ आणि १५९८ च्या छापील प्रतींत नव्हता. तो छापून आला १६०८ साली, राणी जाऊन पाच वर्षं झाल्यावर.

सतराव्या शतकाच्या इंग्लंडमध्ये दरबारातला ‘मास्टर ऑफ द रेव्हल्स’ हा अधिकारी संहिता वाचून, खुणा करून, फी घेऊन परवाना देई. या खुणा आज पाहिल्या तर एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात येते. राजे मरत, विष पीत, वेडे होत, बिछान्यात भोसकले जात. त्याला फारशी हरकत नव्हती. हरकत यायची ती कालपरवाच्या गोष्टीचा वास आला की.

पुरावा हवा तर बोमाँट आणि फ्लेचर यांची ‘द मेड्स ट्रॅजेडी’ घ्या. ऱ्होड्सचा राजा आपल्या रखेलीचं, इव्हॅडनीचं, लग्न एका निष्ठावंत तरुणाशी लावून देतो, म्हणजे आपलं प्रकरण झाकलेलं राहील. नवऱ्याला कळतं तेव्हा त्याचा हात वर जात नाही, कारण समोर राजा आहे, ईश्वराने नेमलेला. शेवटी इव्हॅडनीच झोपलेल्या राजाला पलंगाला बांधते आणि खंजीर चालवते. राजहत्येचं इतकं उघडंवाघडं दृश्य १६१२–१३ च्या हंगामात दरबारातही झालं. गादीवर होता पहिला जेम्स. १६०५ च्या नोव्हेंबरात पार्लमेंटच्या तळघरात बंदुकीच्या दारूची पिंपं सापडली होती ती त्याच्याचसाठी, तरी या नाटकाने त्याची झोप उडाल्याची नोंद नाही.

बेन जॉन्सनचा अनुभव वेगळा. ‘सिजेनस’ १६०३ साली शेक्सपिअरच्याच मंडळीने केलं. नटांच्या यादीत खुद्द शेक्सपिअरचं नाव आहे. विषय रोमचा, सम्राट टायबेरियसच्या मर्जीतून चढलेला आणि पडलेला माणूस. तरी जॉन्सनला प्रिव्ही कौन्सिलसमोर उभं राहावं लागलं. सॅम्युअल डॅनियलने अलेक्झांडरच्या काळातला ‘फिलोटस’ लिहिला. त्यात लोकांना एसेक्स दिसला आणि कवीला बोलावणं आलं. फल्क ग्रेव्हिलने आपली अँटनी-क्लिओपात्रावरची शोकांतिका असल्याच भीतीने स्वतःच्या हाताने जाळली. चॅपमनने १६०८ साली फ्रान्सच्या बिराँ या सरदारावर दोन नाटकं लिहिली, त्यात हयात असलेली फ्रेंच राणी रंगमंचावर आली. फ्रेंच राजदूताने तक्रार केली आणि तीन नट तुरुंगात गेले.

‘मॅकबेथ’ आणि ‘किंग लिअर’ही याच वर्षांतली. इंग्लंड आणि स्कॉटलंड एक करण्याचा जेम्सचा आग्रह पार्लमेंटमध्ये अडला असताना, २६ डिसेंबर १६०६ रोजी त्याच्यापुढे राज्याचे तुकडे करणाऱ्या म्हाताऱ्या राजाचं नाटक झालं. या दोघांवर इतकं लिहिलं गेलंय की मी पुढे सरकतो.

जिथे रेंगाळावंसं वाटतं ती जागा म्हणजे एक हस्तलिखित. १३ मे १६१९ रोजी हॉलंडचा बहात्तरीला टेकलेला मुत्सद्दी ओल्डनबार्नेव्हेल्ट याचा हेगमध्ये शिरच्छेद झाला. ऑगस्टमध्ये फ्लेचर आणि फिलिप मॅसिंजर यांनी लिहिलेलं त्याच्यावरचं नाटक लंडनमध्ये तयार! लंडनच्या बिशपने आधी प्रयोग अडवला, मग तो झाला. संहिता आज ब्रिटिश लायब्ररीत आहे आणि तिच्यावर जॉर्ज बक या रेव्हल्सच्या अधिकाऱ्याच्या खुणा आहेत. ऑरेंजच्या राजपुत्राला पहारेकरी सभागृहाच्या दाराशी अडवतात, त्या जागी बकने समासात नोंदवलंय की हे आपल्याला पसंत नाही, राजपुत्राला अशी अपमानास्पद वागणूक मिळाली असेल असं वाटत नाही, शिवाय तो रंगमंचावर फारच दिसतो. खाली नावाची आद्याक्षरं. मला हा शेरा आवडतो. त्यात जुलमी माणसाचा आवेश नाही. वरून विचारणा झाली तर काय सांगायचं, ही कारकुनाची काळजी आहे. नाटकात एका म्हाताऱ्याचं डोकं उडतं, आणि बकला टोचतं ते दारात थांबवणं.

याच मॅसिंजरवर पुढे दोनदा पाळी आली. स्पेनच्या दुसऱ्या फिलिपने पोर्तुगाल गिळला, त्यानंतर तिथला बेपत्ता राजा सेबास्टियन म्हणवून घेत काही लोक पुढे आले, ही हकिगत त्याने नाटकात घेतली. ११ जानेवारी १६३१ रोजी नवा अधिकारी हेन्री हर्बर्ट याने परवाना नाकारला. स्पेनशी नुकताच तह झाला होता, एवढं कारण पुरे. फी मात्र त्याने ठेवून घेतली. वाचण्याचे कष्ट तर झालेच होते! मॅसिंजरने चार महिन्यांत सगळा मुलूखच हलवला. सेबास्टियनचा अँटायोकस झाला, स्पेनचं रोम झालं. ‘बिलीव्ह अॅज यू लिस्ट’ या नावाने तेच नाटक मे महिन्यात मंजूर झालं. प्रारंभीच्या निवेदनात कवी मखलाशी करतो की यात अलीकडच्या एखाद्या दुःखद घटनेशी साम्य दिसलं तर आपलं भूगोलाचं अज्ञान समजावं. प्रेक्षकाला डोळा मारण्याची ही रीत मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. खाडिलकरांच्या १९०७ सालच्या ‘कीचकवधा’त कर्झन कुठेही नाही, तरी प्रेक्षकांनी त्याला ओळखलं आणि १९१० साली बंदी घालणाऱ्या सरकारनेही.

दुसरी पाळी १६३८ ची. ‘द किंग अँड द सब्जेक्ट’ या नाटकात स्पेनचा राजा म्हणतो की पैसा आम्ही वाटेल त्या मार्गाने उभा करू. त्या वेळी इंग्लंडचा पहिला चार्ल्स पार्लमेंट न बोलावता नौदलासाठी ‘शिप मनी’ वसूल करत होता. जॉन हॅम्पडनने तो कर नाकारला होता आणि त्याच वर्षी जूनमध्ये सात विरुद्ध पाच न्यायाधीशांनी निकाल राजाच्या बाजूने दिला. न्यूमार्केटला चार्ल्सने संहिता स्वतः वाचली आणि त्या ओळींवर खूण केली : फार उद्धट, बदलाव्यात. आज ते नाटक हरवलंय. उरल्या फक्त त्या ओळी, कारण पुढे काय मंजूर करायचं नाही याची आठवण म्हणून हर्बर्टने त्या दप्तरात उतरवून ठेवल्या होत्या. नाटककाराला याहून मोठी मानवंदना कोणत्याही समीक्षकाने दिलेली नाही.

कर, तह, शेजारच्या राजाचा मान. राज्यकर्ते या ओळी खोडत बसले आणि राजहत्या ग्रीक-रोमन वेशात बिनबोभाट होत राहिली. २ सप्टेंबर १६४२ रोजी नाट्यगृहं बंद झाली ती राजाच्या हुकमाने नव्हे, पार्लमेंटच्या. ३० जानेवारी १६४९ रोजी चार्ल्सला व्हाइटहॉलच्या बँक्वेटिंग हाउसमधून बाहेर काढून उंच फळ्यांवर नेलं गेलं आणि कुऱ्हाड चालली. याच वास्तूत त्याच्या दरबाराचे झगमगते मास्क, म्हणजे मुखवटे घालून नाचगाण्याचे खेळ, व्हायचे. शोकांतिका लिहिणाऱ्यांनी जे पन्नास वर्षं दूरदेशी ठेवलं होतं, ते भर रस्त्यात घडलं.

१६६० साली राजेशाही परतली, नाट्यगृहं परतली, आणि म्हातारा हर्बर्टही आपली खुर्ची मागायला हजर झाला. भीती मात्र पालटली होती. आता मारलेला राजा ही नुसती कल्पना उरली नव्हती. दुसऱ्या चार्ल्सच्या गादीवर त्याचा कॅथलिक भाऊ येऊ द्यायचा की नाही, यावरून १६७९ ते १६८१ मध्ये देश पुन्हा फाटला, तेव्हा परवाना देणाऱ्यांना जुनं रोमसुद्धा सोसवेना. नॅथॅनिअल लीचं ‘ल्युशिअस ज्युनिअस ब्रूटस’, राजांना हाकलून प्रजासत्ताक आणणाऱ्या माणसाचं नाटक, डिसेंबर १६८० मध्ये काही प्रयोगांतच बंद झालं. नाहम टेटने ‘रिचर्ड दुसरा’ सिसिलीत नेऊन ठेवला, राजाला गोड केलं, तरी १६८१ च्या जानेवारीत त्याच्यावरही बंदी आली. मॅसिंजरची युक्ती पन्नास वर्षांनी चालेनाशी झाली होती.

टेट शहाणा झाला. त्याच वर्षी त्याने ‘लिअर’ नव्याने लिहिलं : विदूषक गाळला, कॉर्डेलियाचं एडगरशी लग्न लावलं, लिअरला जिवंत ठेवून राज्य परत दिलं. त्याला हसणं सोपं आहे. पण राजाचं डोकं खरोखर उडालेलं ज्यांच्या आठवणीत होतं, त्यांना तो शेवट पटला असावा. शेक्सपिअरच्या ‘लिअर’चा बराचसा भाग, विदूषकासकट, रंगमंचावर आणायला मॅक्रीडी या नटाला १८३८ साल उजाडलं. कला म्हणून टेटचं रूप भिकार आहे, यात मला शंका नाही. भीतीचा दस्तऐवज म्हणून मात्र त्याच्या तोडीचं दुसरं नाही.

या धामधुमीत खरी शोकांतिका एकच जन्मली : थॉमस ऑटवेची ‘व्हेनिस प्रिझर्व्ड’, फेब्रुवारी १६८२. नाटक राजाच्या बाजूचं. गणिकेच्या घरी कुत्र्यासारखा रांगणारा सिनेटर अँटोनियो म्हणजे विरोधकांचा पुढारी शाफ्ट्सबरी, हे नावासकट उघड होतं. राजाचा भाऊ स्कॉटलंडहून परतल्यावर एप्रिलमध्ये त्याच्यासाठी खास प्रयोग झाला. पण ऑटवेने कट करणाऱ्या पिएरला इतकी जळती भाषा दिली आणि सिनेटला इतकं सडकं दाखवलं की नाटक कोणाचं, हे ठरवणं नाटककाराच्या हाती उरलं नाही. १७९५ साली, फ्रेंच राज्यक्रांतीच्या छायेत, लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात ते पुन्हा लागलं. तिथल्या सुधारणावाद्यांनी पिएरच्या वाक्यांना टाळ्यांचा कडकडाट केला. राजनिष्ठेपोटी लिहिलेलं ते नाटक काही प्रयोगांतच उतरवावं लागलं.